कोरडी नाकं

व्हर्लीन हॅटमेकर उंदरांशी बोलायची, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. उंदराला नाव ठेवायचं नाही असा तिथला नियम होता आणि अकरा वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. कानावर गोंदलेला नंबर हेच नाव. पण नंबराशी बोलू नये असं कुठं लिहिलं होतं? "काय रे एकशे चौदा, आज दाण्याला तोंड लावलं नाहीस. कुणावर रुसलास?" असं तिचं सकाळपासून चालायचं, आणि पुढच्या खोलीत यंत्रांशी झटापट करणारा वेंडेल क्रॅब्ट्री तिकडून ओरडायचा, "त्याला म्हणावं माझ्याशी बोल, माझ्यावर तर कुणी रुसतही नाही इथं!"

टेनेसीच्या डोंगरात, गावापासून चांगले वीस मैल लांब अशी ती प्रयोगशाळा. त्या साली तिथं लष्कराचं काम आलं होतं. आपली माणसं आणि आपले रणगाडे शत्रूला दिसू नयेत म्हणून लष्कर तेल तापवून त्याचा पांढरा दाट धूर सोडतं. किती वर्षं सोडत होते कोण जाणे. त्या धुरात तासन्‌तास उभा राहणाऱ्या पोराच्या छातीचं काय होतं, हे विचारायची बुद्धी मात्र आत्ता कुठं झाली होती. आणि विचारायचं तर आधी उंदरांना, हा या धंद्याचा रिवाज.

वेंडेलनं त्यासाठी माणूसभर उंचीच्या चार पेट्या बांधल्या होत्या. एक नंबरच्या पेटीत नुसती स्वच्छ हवा. दोनमध्ये विरळ धूर, तीनमध्ये मध्यम, चारमध्ये दाट. आठवड्यातून दोनदा, साडेतीन तास, असे तेरा आठवडे. प्रत्येक पेटीला काचेची खिडकी होती, पण धूर सुरू झाला की पाच मिनिटांत काच दुधासारखी पांढरी व्हायची आणि मग आत काय चाललंय ते देवालाच दिसायचं. वेंडेल दर अर्ध्या तासानं नळीतून हवा ओढायचा, कागदावर धरलेलं तेल तोलायचा आणि खूश होऊन आकडा लिहायचा. त्याच्या पेट्यांत धूर इकडचा तिकडं होत नसे. त्याला त्याचा फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो खोटा नव्हता.

व्हर्लीनचं काम उंदरांचं. दाणा, पाणी, वजन, पेटीत ठेवणं, पेटीतून काढणं, पेट्या धुणं. शिक्षण शाळेपुरतं. पण उंदीर आजारी पडणार हे तिला तराजूच्या आधी कळायचं, आणि मुख्य शास्त्रज्ञ डॉ. टॉलिव्हर हे नवीन माणसांना नेहमी सांगायचे. तिच्यासमोर कधी सांगत नसत, ते वेगळं.

तिचा एकुलता एक मुलगा रॉइस सैन्यात होता. पायदळात नाही, तोफखान्यात नाही. अलाबामातल्या एका छावणीत, धूर सोडणाऱ्या पलटणीत. ज्या तेलाच्या वासानं तिचे हात, केस आणि मोटारीची गादी भरली होती, त्याच तेलाच्या धुराखाली तिचा मुलगा धावत होता. ही गोष्ट तिनं वेंडेलला एकदा सांगितली होती. डॉक्टरांना सांगितली नव्हती. घरचं घरी ठेवावं, असं तिचं मत.

आता तिची चूक सांगायला हवी.

पेटीत प्रत्येक उंदराला वेगळा कप्पा असायचा. दोन कप्प्यांच्या मध्ये तारेची जाळी. दोन आठवडे झाले आणि तीन नंबरचे उंदीर तिच्यानं बघवेनात. पेटीकडं नेताना ते लटपटायचे, कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. घरच्या पिंजऱ्यात तीन-तीन मिळून एकमेकांवर पडून झोपणारी जात ती. धुरात एकटं बसायचं म्हणजे काय? दोन नंबरवाले मजेत होते. चार नंबरवाल्यांसाठी तिला काही करताच येत नव्हतं, तिथल्या जाळ्या वेंडेलनं पक्क्या जोडल्या होत्या. तीनमधल्या जाळ्या सरकत्या होत्या. तिनं एकाआड एक जाळी वर ओढून काढली. कप्प्यात एकाऐवजी दोन झाले. लटपट थांबली. "बसा आता सोबतीनं," ती म्हणाली आणि दार लावलं. कागदावर लिहिलेला नियम तिला माहीत होता, पण धूर तेवढाच, उंदीर तेवढेच, आकडा तोच. कुणाचं काय बिघडलं?

तेरा आठवडे संपले. निम्मे उंदीर तपासायला गेले, निम्मे महिनाभर स्वच्छ हवेत ठेवायचे ठरले, धुराचा परिणाम टिकतो की जातो ते बघायला. हे मागे राहिलेले अंगावरचं तेल चाटतील म्हणून शेवटच्या दिवशी तिनं एकेकाला हातात घेऊन टॉवेलनं पुसलं. चार नंबरवाल्यांच्या मिशांवर तेलाचे थेंब होते, पापण्या चिकटल्या होत्या. तीन नंबरवाल्यांच्या पाठी ओल्या, पण तोंडं चक्क कोरडी. "तुम्ही बरे नीटनेटके," ती त्यांना म्हणाली, आणि विसरून गेली.

पंधरा दिवसांनी डॉ. टॉलिव्हर स्वतः उंदरांच्या खोलीत आले. ते तिथं क्वचित येत. वासानं त्यांना शिंका यायच्या. तिकडच्या रीतीनं ते तिला आदरानं 'मिस' म्हणत.

"मिस व्हर्लीन, छान बातमी आहे. चार नंबरची फुफ्फुसं सुजलीत, ते अपेक्षितच होतं. पण तीन नंबरची बघा! स्वच्छ हवेतल्यांच्या बरोबरीची. म्हणजे तेवढ्या धुरापर्यंत मास्क नको. गुरुवारी कर्नल येतायत, त्यांच्या हातात मसुदा देतोय."

"म्हणजे शिपायांनी मास्क लावायचाच नाही?"

"तीन नंबरच्या धुराला नाही. उन्हाळ्यात मास्क घालून पोरं भोवळ येऊन पडतात हो. त्यांना किती सुख होईल!"

व्हर्लीनलाही बरं वाटलं. रॉइसला मास्कचा भारी राग होता.

रविवारी चर्चहून आल्यावर तिनं मक्याचा ब्रेड भट्टीत टाकला आणि फोनजवळ बसली. रॉइसचा फोन एक वाजता यायचा. आला.

"ममा, काय शिजवलंस?"

"बीन्स आणि मक्याचा ब्रेड. तू काय गिळलंस?"

"पत्र्याचे डबे. खरंच, चवही पत्र्याची." तो हसला, आणि हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबेना. लहानपणी त्याला दम्याचा त्रास होता, तेव्हा ती त्याला मांडीवर घेऊन म्हणायची तेच आत्ताही तिच्या तोंडून गेलं, "हळू. मोठा श्वास घे बघू."

त्यानं घेतला. अर्ध्यावर अडकला आणि पुन्हा खोकला.

"कधीपासून आहे हे?"

"काही नाही गं. सगळ्यांनाच आहे. सार्जंट म्हणतो, आता कागदावरच येणार आहे की मास्क लागत नाही, म्हणून आत्तापासूनच सवय करतोय आम्ही. आणि ममा, आम्ही युक्ती काढलीय. धूर अंगावर आला की पुढच्याच्या पाठीत नाक खुपसायचं आणि तसंच चालायचं. त्याच्या कोटातून श्वास घ्यायचा. लांबून आम्ही आगगाडीसारखे दिसतो! फक्त पहिल्याची वाट लागते. त्याला कुणाची पाठ?"

तो हसत होता. व्हर्लीन हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर टॉवेल होता, आणि टॉवेलातला उंदीर. पाठ ओली आणि नाक कोरडं.

"ममा? आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "रॉइस, मास्क घाल."

"सगळे हसतील."

"हसू देत. तुझ्या आईनं सांगितलंय म्हणावं."

फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. भट्टीतला ब्रेड करपला तेव्हा कुठं उठली. तीन नंबरच्या उंदरांनी धूर घेतलाच नव्हता. सोबत्याच्या केसांतून गाळून घेतला होता. वेंडेलचा आकडा पेटीतल्या हवेचा होता, नाकातल्या हवेचा नव्हता. आणि ही सोबत त्यांना कुणी दिली? मी दिली. त्या कोरड्या नाकांच्या भरवशावर गुरुवारी एक कागद निघणार, आणि त्या कागदाखाली पहिला धावणारा माझाच पोरगा असेल, ज्याच्यापुढं कुणाची पाठ नाही. तिला स्वतःची एवढी चीड आली की तिनं करपलेला ब्रेड भांड्यासकट अंगणात नेऊन ओतला. भांडं पुन्हा उचलून आणलं, एवढंच.

सोमवारी सकाळी ती आधी वेंडेलकडं गेली. तो धातूची नळी पुसत होता.

"वेंडेल, तीन नंबरच्या जाळ्या मी काढल्या होत्या."

"कुठल्या जाळ्या?"

"मधल्या. अकरा आठवडे. उंदीर जोडीनं बसत होते."

वेंडेलनं नळी खाली ठेवली. "माझ्या पेटीतनं? मला न विचारता?" त्याचं तोंड लाल झालं. "अगं बाई, तीन महिने मी त्या पेटीत धूर सारखा ठेवायला रक्त आटवलं, आणि तू आत जत्रा भरवलीस?"

"भरवली. आता शिव्या नंतर दे, आधी सांग, आत काय होतं ते बघता येईल का?"

"धुरात? काच पांढरी होते, माहीत नाही का तुला?"

"म्हणून तर विचारते. पेट्या तू बांधल्यास, मी नाही."

हे त्याला बरोबर लागलं. तो धुसफुसत आत गेला, अर्धा तास खडखडाट केला आणि एक छोटा पारदर्शक डबा घेऊन आला. सगळ्या बाजूंनी भोकं पाडलेला. "हा काचेला आतून टेकवून ठेवू. उंदीर काचेपासून बोटभर अंतरावर. मागून दिवा. दिसेल."

"तू हुशार आहेस."

"ते मला माहीत आहे. डॉक्टरांना तू सांगणार आहेस की मी?"

"मीच."

डॉ. टॉलिव्हर खुर्चीत बसून ऐकत होते. टेबलावर मसुदा पडलेला होता, नीट टाचलेला, वर कर्नलांचं नाव. तिनं सगळा पाढा वाचला: जाळ्या, टॉवेल, कोरडी नाकं, आणि शेवटी रॉइस. तेही सांगितलं. नाही तर तिला हे कळलं कसं, याचं उत्तर कुठून देणार?

"मिस व्हर्लीन," ते म्हणाले, "तुम्हाला नियम माहीत होता?"

"होता."

"मग?"

"ते लटपटत होते, डॉक्टर."

त्यांनी चष्मा काढला. "लटपटणारच. आपण त्यांना धुरात कोंडतोय. त्यांनी लटपटू नये म्हणून नाही, आपल्याला खरं कळावं म्हणून. त्यांचा जीव घेऊन खोटं शिकलो, तर त्याहून वाईट काय?"

तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. पुसले असते तर रडली असं झालं असतं.

"चला, दाखवा," ते म्हणाले.

तिघं तीन नंबरच्या पेटीसमोर उभे राहिले. डब्यात दोन नवे उंदीर. वेंडेलनं कळ दाबली. धूर खालून चढत आला, काच पांढरी झाली, पण डब्याच्या जागी दिव्याचा पिवळा गोल राहिला आणि त्यात ते दोघं स्पष्ट दिसत होते. पहिल्यांदा त्यांनी मान वर करून हुंगलं. मग एकानं सरळ दुसऱ्याच्या पोटाखाली तोंड घातलं. दुसऱ्यानं वळून पहिल्याच्या कुशीत नाक रोवलं. झालं. दोघांचा मिळून केसांचा एक गोळा, आत-बाहेर होणारा. एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

वेंडेल हळूच म्हणाला, "डॉक, माझा आकडा बरोबर होता हं."

"तुझा आकडा बरोबरच होता," डॉक्टर म्हणाले. "उंदीरही बरोबर होते. चुकलो आपण."

'आपण' म्हणाले. व्हर्लीनला ते ऐकू आलं.

त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि मग जाऊन कर्नलांना फोन लावला. दार उघडंच होतं. पलीकडचा चढलेला आवाज खोलीभर ऐकू येत होता. डॉक्टरांचा मात्र एकसारखा. "नाही सर. गुरुवारी नाही. अजून तेरा आठवडे... होय, माझ्या प्रयोगशाळेत झालेली चूक. माझी जबाबदारी... नाही सर, सही मी करणार नाही. तुम्ही तोवर मास्कचा जुना नियम चालू ठेवा. लेखी मागतोय मी." पलीकडून फोन आपटला गेला. डॉक्टर शिंकले. उंदरांचा वास त्यांच्या अंगाला लागला होता.

व्हर्लीनच्या कागदपत्रांत ताकीद लागली. तिनं ती वाचून सही केली. नोकरी गेली नाही. पण डॉक्टरांनी तिला जी शिक्षा दिली ती ताकिदीत लिहिलेली नव्हती: तीन नंबरची पेटी पुन्हा पहिल्यापासून, नवे चोवीस उंदीर, एका कप्प्यात एक, आणि प्रत्येक वेळी जाळी लावायची व्हर्लीननं, स्वतःच्या हातानं. तेरा आठवडे, आठवड्यातून दोनदा. त्यांना बहुधा ती शिक्षा वाटलीही नसेल. त्यांना वाटलं, ही आता सगळ्यात काळजीपूर्वक लावील.

ती लावत होती. उंदीर लटपटत होते. आपल्या दयेपायी आणखी चोवीस जीव या पेटीत आले, हे तिला जाळी सरकवताना दर वेळी टोचायचं, आणि टोचावं असंच तिला वाटायचं. ती त्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागली. "दोनशे तीन, थोडा वेळ. मला माहीत आहे. थोडा वेळ." वेंडेल आता तिकडून ओरडत नसे. एकदा तर त्यानंच येऊन विचारलं, "दोनशे तीन कसा आहे?"

धूर संपला की मात्र ती त्यांना घरच्या पिंजऱ्यात तीन-तीन मिळून ठेवायची, जाड भुसा घालून. त्याला नियमाची आडकाठी नव्हती. तिनं या वेळी विचारून घेतलं होतं.

निकाल आला तो तिला अपेक्षित होता तसाच. तीन नंबरची फुफ्फुसं जड, आत सुजेच्या पेशींची गर्दी. चार नंबरइतकी नाही, पण स्वच्छ तर मुळीच नाही. मास्कची रेघ तीनवरून खाली दोनवर आली, म्हणजे सूट फक्त विरळ धुराला. डॉक्टरांनी अहवालात एक नवं पानही घातलं: पेटीत उंदीर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांच्या अंगात नाक खुपसतात, सबब मोजलेला धूर आणि घेतलेला धूर एक धरू नये. त्याखाली 'हे निरीक्षण व्ही. हॅटमेकर यांचं' असं लिहिलं. ती म्हणाली, "निरीक्षण कसलं? गाढवपणा होता." ते म्हणाले, "तो दुसऱ्या पानावर आहे."

पण तिनं वाट पाहिली ती मागे ठेवलेल्या बारा उंदरांची. महिनाभर स्वच्छ हवा, दाणा, भुसा. महिन्यानं डॉक्टरांनी तिला वर बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोरची आपली खुर्ची तिला दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"हे धूर संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं," त्यांनी काच सरकवली. गुलाबी जाळं, आणि त्यात सुजेच्या पेशींचे ठिपकेच ठिपके, बाजारात माणसं दाटावीत तसे. "आणि हे महिन्यानंतरचं. दोनशे तीन."

जाळं मोकळं होतं. कुठंतरी चार-दोन ठिपके, बाकी नुसती हवेची जागा.

"म्हणजे बरं होतं?" तिनं डोळा न काढता विचारलं.

"वेळेवर थांबवलं तर, जवळजवळ पूर्ण. अजून पुष्कळ बघायचंय. पण होय, मिस व्हर्लीन. बरं होतं."

ती बराच वेळ बघत राहिली. डॉक्टर घाई न करता उभे होते.

पुढं उन्हाळा आला. जुलैतल्या एका रविवारी एक वाजता फोन वाजला आणि उचलायच्या आधीच रॉइसचा वैताग ऐकू आल्यासारखं तिला वाटलं.

"ममा, तुला सांगतो, कुठल्यातरी प्रयोगशाळेतल्या शहाण्यानं आमची वाट लावलीय! नवा लेखी नियम आलाय, आता कुणाला सवलत नाही. धूर जरा दाटला की मास्क. मध्यम असला तरी मास्क! इथं ऊन असं की रस्त्यावर अंडं शिजेल, मास्क काढला की त्यातून घाम ओतावा लागतो. तो माणूस मला भेटला ना, तर त्याला तो मास्क घालून आठ मैल पळवीन."

"पळव की," व्हर्लीन म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणावं त्याचे."

"काय?"

"काही नाही. पुढं बोल."

"सगळी पलटण शिव्या घालते त्याला. सार्जंटनं तर त्याच्या नावानं गाणं केलंय, तुला ऐकवण्यासारखं नाही."

"चाल तरी चांगली आहे का?"

"ममा! मी इथं उकडून मरतोय आणि तुला चाल सुचतेय?"

तो पाच मिनिटं सलग बडबडत होता. घाम, रबराचा वास, गालावर उठलेले वळ, सगळं झालं. व्हर्लीन फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होती, आणि पाच मिनिटांत तो एकदाही अडकला नाही हे मोजत होती.

"रॉइस," ती मध्येच म्हणाली, "मोठा श्वास घे बघू."

"आता कशाला?"

"आई सांगते म्हणून."

त्यानं वैतागून श्वास घेतला. लांब, खोल, तळापर्यंत गेलेला, आणि तसाच सोडला. तारेतून तो तिच्या कानाशी वाऱ्यासारखा आला.

"झालं समाधान?"

"आणखी एकदा घे," व्हर्लीन म्हणाली.